कुमार गेले तेव्हा...

पंडित कुमार गंधर्व यांचे १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे निधन झाले, तेव्हा ज्यांची त्यांच्याशी साधी ओळखही नव्हती अशी माणसे घरचे कोणी गेल्यासारखी हळवी झाली. घरातल्या मृत्यूतही डोळे कोरडे ठेवावेत, या संस्कारात ही पिढी वाढलेली. तिला आपल्याच या हळवेपणाचे नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. त्याचा उलगडा कुमारांच्या आयुष्यात होतो.

बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली बालपणीच 'कुमार गंधर्व' झाले. मोठ्या गवयांची गायकी हुबेहूब गाणाऱ्या या मुलाने परिषदा गाजवल्या. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ मध्ये सहाध्यायी भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाने गाठले.

माळव्याच्या कोरड्या हवेसाठी कुमार ३० जानेवारी १९४८ रोजी देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. गवयाला याहून मोठी शिक्षा कोणती? भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवीत, शुश्रूषाही करीत. आजवर सारे ज्याला ऐकत आले, तो आता अंथरुणावरून नुसता ऐकत होता. बायकांची माळवी गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथीयांची निर्गुणी भजने त्याच्या कानांवर पडत होती. पुढची लोकधुनांतून उगवलेली रागरूपे आणि कबीर याच काळात रुजले.

स्ट्रेप्टोमायसीन आले आणि १९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले. त्यांचे छोटे, झपकन येणारे स्वरवाक्य आणि त्यामागची स्तब्धता म्हणजे अपुऱ्या दमावरची तोड, असे काहींचे मत. ते निम्मेच खरे. दमदार छातीच्या कितीतरी गवयांना ती स्तब्धता कधी साधली नाही.

ज्यांनी त्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले, त्या भानुमतीबाई १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. पुढील वर्षी वसुंधरा श्रीखंडे त्यांच्या आयुष्यात आल्या आणि मैफलीतही त्यांची साथ करू लागल्या. टेकडीच्या पायथ्याच्या घराचे नाव मात्र 'भानुकुल'. दुःखाचा एवढाच उघड उच्चार, बाकीचे स्वरांत.

त्या स्वरांत धडधाकटपणाचा आव नव्हता. म्हणून श्रोत्यालाही तो आणावा लागत नसे. निर्गुणी भजन सुरू झाले की अंधाऱ्या सभागृहात, शेजाऱ्याला पत्ता लागू न देता, एखादा आपल्या जुन्या दुःखाशी बसून राही. १२ जानेवारीनंतर ही सोय संपली. त्या रात्री कित्येकांनी त्यांची ध्वनिफीत लावली असेल. काहींना ती पुढे कित्येक महिने लावता आली नसेल.