श्रीभास्कराचार्य

दोन अव्यक्तांचीं समीकरणें शिकवूं लागलों कीं विद्यार्थी प्रथम विचारतात, परीक्षेंत कोणती रीत वापरावी? पुष्कळ वर्षें आम्ही एकच रीत फळ्यावर लिहून देत असूं. उदाहरणाचें रूप पालटलें कीं मुलें अडत. परंतु दोष मुलांचा नव्हता. ज्या थोर गुरूच्या ग्रंथानें आम्हांस हें शिकविलें, त्याचें अल्पचरित्र येथें देतों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें, सह्याद्रीलगतच्या एका विद्वान् कुळांत झाला. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला.

बीजगणितांत ते पहिल्या अव्यक्तास यावत्तावत् म्हणतात व पुढील अव्यक्तांस काळा, निळा, पिवळा अशा रंगांचीं नांवें देतात. त्यांतील एक उदाहरण पाहूं. दोन गृहस्थ आहेत. दुसऱ्यानें शंभर दिल्यास पहिल्याचें धन दुसऱ्याच्या दुप्पट होतें. पहिल्यानें दहा दिल्यास दुसऱ्याचें धन पहिल्याच्या सहापट होतें. येथें अव्यक्तें दोन दिसतात. पण आचार्य पहिल्याचें धन दोन यावत्तावत् उणे शंभर, व दुसऱ्याचें एक यावत्तावत् अधिक शंभर असें मानितात. त्यामुळें पहिली अट आपोआपच पुरी होते. दुसऱ्या अटीवरून यावत्तावत् ७० येतें आणि धनें ४० व १७० निघतात. पुढें अनेकवर्ण प्रकरणांत तेंच उदाहरण दोन अव्यक्तें मानूनहि त्यांनीं सोडविलें आहे. चिन्हें हीं केवळ साधनें असून खरें बीजगणित म्हणजे बुद्धीच, असा त्यांचा अभिप्राय आहे.

आमच्या कोपरच्या विद्यार्थ्यांस हें समजणें कठीण नाहीं. तेथील स्टेशनांत एक लोहमार्ग खालून व दुसरा वरून जातो. दोहोंनींहि दिव्यास पोंचतां येतें. शहाणा प्रवासी वेळ व गाडी पाहून मार्ग निवडतो. त्याचप्रमाणें एक अव्यक्त दुसऱ्याच्या रूपांत सहज मांडतां येत असेल, तर त्याची किंमत दुसऱ्या समीकरणांत घालावी. दोहोंचे गुणक सारखे असतील वा सहज सारखे करतां येतील, तर बेरीज अगर वजाबाकी करून एका अव्यक्ताचा लोप करावा. प्रथम समीकरणें नीट न्याहाळावीं, मग लेखणी उचलावी. शेवटीं आलेलें उत्तर दोन्ही अटींत घालून ताळा पाहण्यास विसरूं नये.

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या दरबारीं नेलें. नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला, इ. स. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. धन वांटल्यानें सरतें, विद्या वांटल्यानें पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बालमित्रहो, रीत पाठ करा. पण ती कां निवडली हें स्वतःस विचारल्यावांचून पुढें जाऊं नका.