मुद्रणकलेचा जनक व त्याचे भागीदार

कोणतीहि नवी युक्ति जगांत आली म्हणजे ती एका बुद्धिमान् पुरुषाच्या डोक्यांत विजेसारखी एकाएकीं चमकली, असें मानण्याची लोकांस मोठी हौस असते. मग आपल्याकडे असा पुरुष कां निपजला नाहीं हा प्रश्न येतो. आणि त्याचें उत्तर दैवावर ढकललें कीं पुढचा विचार करण्याचे श्रम वांचतात. आमचें मत याहून निराळें आहे. शोधकाच्या पाठीमागें सोनार, सुतार, सावकार, पंडित व गिऱ्हाईक असे पुष्कळ लोक उभे असतात, आणि ते एका बैठकीवर बसूं शकतात कीं नाहीं यावर त्या शोधाचें जगणें-मरणें अवलंबून असतें. हें पटवून देण्यास योहान गुटेनबर्ग याच्या चरित्रासारखें दुसरें साधन नाहीं. धंद्यानें वकील असल्यामुळें आम्हांस या चरित्राचें आणखीहि एक आकर्षण आहे. या गृहस्थानें स्वतःविषयीं लिहिलेली एक ओळहि मागें राहिलेली नाहीं; जगास त्याची जी ओळख आहे ती बहुतेक दाव्यांचे कागद, कर्जरोखे आणि साक्षीदारांच्या जबान्या यांतून झालेली आहे.

ऱ्हाइन नदीच्या कांठीं माइन्झ नांवाचें शहर आहे. तेथें १४०० सालाच्या सुमारास गुटेनबर्गचा जन्म झाला. बाप फ्रीले गेन्सफ्लाइश हा शहरांतील जुन्या कुलीन वर्गांतला असून व्यापार करी, आणि त्या वर्गाचा तेथील टांकसाळीशीं वंशपरंपरेचा संबंध होता. आई मात्र एका दुकानदाराची मुलगी. अशा विवाहाच्या मुलाकडे कुलीन मंडळी कोणत्या नजरेनें पाहत, हें आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. त्यांत भर म्हणजे हे कुलीन व कारागिरांचे संघ यांच्यांत शहराच्या कारभारावरून हाडवैर होतें. १४२८ सालीं संघांची सरशी झाली आणि पुष्कळ कुलीन कुटुंबें शहर सोडून गेलीं. १४३० सालच्या तडजोडीच्या कागदांत योहानचें नांव शहराबाहेर असलेल्यांत आहे. पुढें १४३४ मध्यें तो स्ट्रासबुर्ग येथें आढळतो, आणि आढळतो तो कसा, तर माइन्झच्या नगरलेखकास कर्जापायीं अटक करवितांना! माइन्झ शहराकडून त्याचें वर्षासन थकलें होतें. तेथील लेखक परगांवीं आलेला पाहून यानें त्यास धरविलें, व स्ट्रासबुर्गच्या नगरसभेनें रदबदली केल्यावर सोडून दिलें. माणूस तापट खरा, पण आपला हक्क ओळखणारा होता.

स्ट्रासबुर्गमध्यें त्यानें जो पहिला मोठा व्यवहार आरंभिला तो पुस्तकांचा नव्हे, आरशांचा. आखेन येथील मंदिरांत ठेवलेल्या पवित्र अवशेषांचें दर्शन सात वर्षांतून एकदां होई. त्या यात्रेस इतकी गर्दी लोटे कीं अवशेषांजवळ जाणें अशक्य होतें. म्हणून धातूच्या चौकटींत बसविलेला लहानसा आरसा उंच धरून अवशेषांचें तेज त्यांत सांठवून घरीं न्यावें, अशी रीत पडली होती. काशीहून गंगा आणणाऱ्या आपल्या यात्रेकरूस ही भावना परकी वाटणार नाहीं. गुटेनबर्गनें या श्रद्धेंत बाजार पाहिला व हान्स रिफे, आंद्रेआस ड्रित्सेन आणि आंद्रेआस हाइलमान यांना भागीदार करून घेतलें. १४३९ ची यात्रा एका वर्षानें पुढें गेली आणि पैसा अडकला. तेव्हां भागीदारांनीं आग्रह धरला कीं आपणांपासून कोणतीहि कला लपवून ठेवूं नये. पांच वर्षांचा नवा करार ठरला व त्यांत एक कलम असें पडलें कीं भागीदार मेल्यास त्याच्या वारसांना १०० गुल्डन मिळावे, दुकानांत जागा मिळूं नये. हें कलम ज्यानें घातलें त्याच्या कायदेशीर बुद्धीचें आम्हांस कौतुक वाटतें. कारण १४३८ च्या अखेरीस ड्रित्सेन खरोखरच वारला, त्याच्या भावांनीं भागीदारींत शिरण्यासाठीं दावा आणला, आणि १४३९ सालीं नगरसभेनें करार उचलून धरला. मयताकडील येणें वजा जातां भावांच्या पदरीं अवघे १५ गुल्डन पडले.

या दाव्याचे मूळ कागद १८७० च्या तोफमाऱ्यांत जळाले. पण तत्पूर्वीं त्यांच्या नकला छापल्या गेल्या होत्या, ही मुद्रणकलेची आपल्या जनकास केलेली परतफेडच म्हणावयाची. त्या जबान्यांतून काय दिसतें? कोनराड झासपाख नांवाच्या सुतारानें लाकडी दाबयंत्र करून दिलें होतें व तें मयताच्या घरीं होतें. त्यांतील चार तुकड्यांचा कांहीं एक भाग स्क्रू काढून सुटा करावा, म्हणजे पाहणारास तो कशाचा आहे हें कळणार नाहीं, अशी गुटेनबर्गनें घाईनें सूचना पाठविली होती. हान्स ड्यूने या सोनारानें शपथेवर सांगितलें कीं छापण्याच्या कामापोटीं त्यास या एका गिऱ्हाइकाकडून तीनेक वर्षांपूर्वीं सुमारें १०० गुल्डन मिळाले. म्हणजे एका जिन्याच्या पायऱ्यांवर कुलीनाचा मुलगा, सुतार, सोनार व भांडवल घालणारे असे सर्व जण उतरत-चढत होते. आमच्या मतें या जिन्याचें महत्त्व दाबयंत्रापेक्षां कमी नाहीं.

कारण गुटेनबर्गच्या युक्तीचे भाग एकेकटे पाहिले तर त्यांत पूर्वीं अगदींच अपरिचित असें थोडेंच होतें. पोलादावर उलटें अक्षर कोरणें हें सोनाराचें व टांकसाळीचें काम. दाबयंत्र द्राक्षें पिळणाऱ्या खेड्यापाड्यांत होतें. कागदाची गिरणी नुरेंबर्गजवळ १३९० पासून चालूं होती. तेलांत रंग खलण्याची विद्या चित्रकारांस ठाऊक होती. नवें होतें तें या सर्वांस एकत्र आणणें, आणि त्यांतहि पोलादी ठशानें तांब्यांत अक्षर उमटवून, त्यावर हातांत धरावयाचा सांचा बसवून, शिसें, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रणाचे एकसारख्या उंचीचे हजारों खिळे ओतणें. यासाठीं अक्षराचें वळण जाणणाऱ्याला हातोडी धरणाऱ्याच्या शेजारीं बसावें लागलें. आमच्या देशांत शतकानुशतकें असा नियम होता कीं ज्याला अक्षर येतें त्यानें हातोडी धरूं नये आणि जो हातोडी धरतो त्यास अक्षर शिकवूं नये. मग आमच्या सोनारांचा हात जर्मनांपेक्षां हलका नव्हता, हें म्हणून काय उपयोग?

१४४८ सालीं गुटेनबर्ग माइन्झला परत आला. नातलगाच्या मध्यस्थीनें १५० गुल्डन कर्ज मिळालें, पण तेवढ्यानें भागणारें नव्हतें. १४५० मध्यें योहान फुस्ट या धनिकानें ८०० गुल्डन दरसाल दरशेंकडा सहा व्याजानें, हत्यारें तारण घेऊन दिले. १४५२ मध्यें आणखी ८०० दिले, या वेळीं पुस्तकांच्या कामांतील भागीदार म्हणून. सोनार ड्यूनेची मिळकत आठवा, म्हणजे रकमेचा अंदाज येईल. या पैशावर ४२ ओळींच्या पानाचें लॅटिन बायबल उभें राहिलें: १२८२ पृष्ठें, सुमारें १८० प्रती, त्यांतील कांहीं कागदावर व कांहीं वासराच्या कातड्यावर. कातड्याच्या एकेका प्रतीस शंभराहून अधिक वासरें लागत. जुन्या लेखकांचें हस्ताक्षर वाचकांच्या डोळ्यांत बसलेलें होतें, म्हणून जोडाक्षरें व संक्षेप धरून सुमारें २९० निरनिराळे खिळे त्यानें पाडले. नव्या यंत्रानें जुन्या पोथीची हुबेहूब नक्कल करावी, अशीच गिऱ्हाइकाची अपेक्षा होती, आणि ती त्यानें पुरी केली. रोजचा खर्च भागविण्यास पापक्षमापत्रें होतीं. तुर्कांविरुद्ध सायप्रसच्या मदतीसाठीं चर्चनें १४५४-५५ सालीं तीं विकलीं. मजकूर एकच, फक्त नांव व तारीख हातानें भरावयाची. छापखान्यास इतकें सोईचें काम दुसरें कोणतें असणार! पुढें याच प्रकारच्या पत्रांवर मार्टिन लूथर १५१७ सालीं तुटून पडला, आणि त्याचीं पत्रकें याच कलेनें जर्मनीभर पसरलीं, ही गोष्ट आमच्या धर्माभिमानी वाचकांनीं सवडीनें विचारांत घ्यावी.

बायबल पुरें होत आलें आणि दावा झाला. ६ नोव्हेंबर १४५५ रोजीं फ्रान्सिस्कन साधूंच्या मठांत नोटरीनें केलेला कागद उपलब्ध आहे. फुस्टनें मुद्दल व व्याज मिळून २०२६ गुल्डन मागितले, आणि हा पैसा आपण स्वतः व्याजानें काढून दिला असल्याचें शपथेवर सांगितलें. गुटेनबर्ग स्वतः आला नाहीं. आपलीं माणसें पाठविलीं. छापखान्याचा मोठा भाग फुस्टकडे गेला. फुस्टच्या बाजूच्या साक्षीदारांत पेटर शेफर होता. पॅरिसमध्यें सुंदर हस्ताक्षराचें काम केलेला हा तरुण गुटेनबर्गच्याच कारखान्यांत तयार झाला व पुढें फुस्टचा जांवई झाला. १४५७ सालीं या सासऱ्या-जांवयांनीं काढलेल्या स्तोत्रसंग्रहावर प्रथमच छापणाराचें नांव व तारीख आली. गुटेनबर्गचें नांव मात्र एकाहि पुस्तकावर नाहीं.

या प्रकरणांत फुस्टला राक्षस ठरविण्याची चाल आहे. तिच्याशीं आम्ही सहमत नाहीं. दोन वर्षें एकहि पुस्तक विकलें गेलें नसतां जो दुसऱ्यांदा ८०० गुल्डन देतो, त्यास केवळ लोभी म्हणतां येत नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंपैकीं किती जण शेतीच्या गहाणावर किंवा सोन्यावर नव्हे, तर एखाद्या सोनाराच्या अर्धवट सांच्यावर पैसा लावतील? दोष असेल तर कराराच्या संदिग्धतेंत होता. कर्ज कोणतें व भांडवल कोणतें, हें पहिल्या दिवशींच स्वच्छ लिहिलें असतें तर दोघांची भागीदारी कदाचित् टिकली असती.

येथें कोरियाची आठवण होते. तेथील एका बौद्ध मठानें १३७७ सालीं, म्हणजे गुटेनबर्गच्या जन्माआधीं, धातूच्या सुट्या खिळ्यांनीं ग्रंथ छापला, व तो अद्याप शिल्लक आहे. १४०३ मध्यें राजानें सरकारी ओतशाळा घातली. कारागिरी उत्तम, परंतु खिळे दरबाराचे, ग्रंथ दरबारानें निवडलेले, आणि प्रती मुख्यतः अधिकाऱ्यांसाठीं. लिपींतील हजारों चिन्हांची अडचण होती हें खरें, तथापि जेथें फुस्ट नाहीं व आखेनचा यात्रेकरूहि नाहीं, तेथें कला राजवाड्याच्या आवारांतच राहिली.

आमच्या स्वतःच्या अंगणाकडे पाहिलें तर गोव्यास छापखाना १५५६ सालींच आला होता. राशोल येथें १६१६ मध्यें फादर स्टीफन्सचें मराठी क्रिस्तपुराणहि छापलें गेलें, पण रोमन अक्षरांत. १६७४ मध्यें भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या खटपटीनें मुंबईस हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक आला. भीमजीस जुने हिंदु ग्रंथ छापावयाचे होते. परंतु हिल्स छापणारा होता, खिळे पाडणारा नव्हता, आणि बेत तडीस गेला नाहीं. फुस्ट होता, ड्यूने नव्हता. पुढें १८३१ सालीं भंडारी ज्ञातींतील गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें. मिशनऱ्यांचें काम पाहून त्यांनीं स्वतः प्रयोग केले, शाई स्वतः केली. छापाच्या शाईंत चरबी असते म्हणून छापील पोथीस शिवण्यास कर्मठ मंडळी कचरत. तेव्हां तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापण्यांत आले. हा प्रकार हंसण्यासारखा नाहीं. समाजाच्या संकोचास वळसा घालणारी ती एक कारागिरीच होती, आणि ती ब्राह्मणेतर गृहस्थाच्या हातून झाली.

गुटेनबर्गचा उत्तरकाळ थोडक्यांत सांगतां येतो. १४५८ पासून त्यानें स्ट्रासबुर्गच्या एका चर्चसंस्थेचें व्याज भरणें थांबविलें. २८ ऑक्टोबर १४६२ रोजीं दोन आर्चबिशपांच्या भांडणांत माइन्झ लुटलें गेलें. छापखान्यांतील कारागीर पोटासाठीं देशोधडीला लागले, व जी विद्या शपथांनीं कोंडून ठेविली होती ती त्यांच्याबरोबर गांवोगांव गेली. १४६५ मध्यें इटलींत सुबियाको येथें, १४६९ मध्यें व्हेनिसला, १४७० मध्यें पॅरिसला छापखाने निघाले. १४६५ च्या जानेवारींत विजयी आर्चबिशप आडोल्फ यानें वृद्ध गुटेनबर्गला दरबारी केलें: वर्षाला एक पोशाख, धान्य व दोन मोठीं पिपें दारू. ३ फेब्रुवारी १४६८ रोजीं तो वारला. त्याच महिन्यांत कोनराड हुमेरी या कायदेपंडितानें मयताकडील खिळे व हत्यारें आपल्या मालकीचीं म्हणून ताब्यांत घेतल्याची पावती आर्चबिशपास लिहून दिली. तिच्यांत त्यानें कबूल केलें कीं तीं माइन्झ शहरांतच वापरीन, आणि विकण्याची वेळ आल्यास माइन्झच्याच रहिवाशास प्रथम देईन. हुमेरीनें ही कबुली लिहून दिली तेव्हां आल्प्सपलीकडे छापखाना सुरू होऊन तीन वर्षें होत आलीं होतीं.