ना खटला, ना जामीन

'संस्कार' हा १९७० सालचा कन्नड सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातली चंद्री नक्की आठवत असेल. आचारधर्म झुगारून दिलेला एक ब्राह्मण मरतो आणि त्याचे अंत्यसंस्कार कोणी करायचे, यावर सगळा अग्रहार अडून बसतो. त्याच्याबरोबर राहणारी, खालच्या मानलेल्या जातीतली चंद्री मात्र अंगावरचे दागिने काढून पुढे ठेवते. माणूस मेल्यावर तरी त्याची हेळसांड होऊ नये, एवढंच तिचं मागणं!

ही चंद्री साकारली होती स्नेहलता रेड्डी यांनी. त्यांना उणंपुरं ४४ वर्षांचं आयुष्य लाभलं. त्यातले शेवटचे आठ महिने बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात गेले. त्यांच्यावर खटला चालला नाही, गुन्हा शाबित झाला नाही, शिक्षाही झाली नाही. तरीही त्या आत होत्या.

स्नेहलतांचा जन्म १९३२चा, आंध्रमधल्या ख्रिस्ती घराण्यातला. इंग्रजी राजवटीची चीड इतकी, की त्यांनी ठरवून भारतीय नाव आणि भारतीय पेहराव स्वीकारला. नाटकाचं वेड लहानपणापासूनच. 'मद्रास प्लेयर्स' या नाट्यसंस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पती पट्टाभिराम रेड्डी हे तेलुगू कवी आणि चित्रपट दिग्दर्शक. दोघंही डॉ. राममनोहर लोहियांच्या विचारांनी भारावलेले. यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवर पट्टाभिरामांनी 'संस्कार' काढला. सेन्सॉरने तो आधी अडवला, आणि पुढे त्यालाच उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलगी नंदना, मुलगा कोणार्क, घरात सतत नाटकवाल्यांची आणि कार्यकर्त्यांची ये-जा. असं हे भरलेलं घर.

२५ जून १९७५ला आणीबाणी आली. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. ते या कुटुंबाचे जवळचे मित्र. रेल्वेमार्ग, पूल उडवण्यासाठी सुरुंगाची दारू गोळा केल्याचा आरोप जॉर्ज आणि त्यांच्या साथीदारांवर होता. हेच ते गाजलेलं बडोदा डायनामाइट प्रकरण. जॉर्ज हाती लागत नव्हते, तेव्हा पोलिसांचा रोख त्यांच्या स्नेह्यांकडे वळला. २ मे १९७६ रोजी स्नेहलतांना अटक झाली. आधी कटाची कलमं लावली गेली. मग ती मागे पडली आणि 'मिसा' लागला.

हा मिसा काय होता, ते नीट समजून घ्यायला हवं. जामीन हा शब्द आपण टीव्हीवर रोज ऐकतो. पण जामीन मागायचा तर आधी गुन्हा दाखल व्हावा लागतो, आरोप काय ते कळावं लागतं. १९७१च्या या अंतर्गत सुरक्षा कायद्यात त्याची गरजच नव्हती. हा माणूस पुढे काहीतरी करील, असं सरकारला वाटलं की झाला स्थानबद्ध! आणीबाणीत तर कायदा बदलून, कशासाठी पकडलं हे सांगण्याचं बंधनही काढून टाकलं. मग वकिलाने बोलायचं तरी कशावर?

कोर्टाचं दारही बंद झालं होतं. स्नेहलतांच्या अटकेच्या चारच दिवस आधी, २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांचं.

तुरुंगात स्नेहलतांना अरुंद कोठडीत एकटं ठेवलं. संडास म्हणजे कोठडीच्याच एका कोपऱ्यातलं भोक, निजायचं जमिनीवर. त्यात त्यांना जुना दमा. ज्यांच्या घरी दम्याचं माणूस आहे त्यांना सांगायला नको, की ओल आणि कोंदट हवा म्हणजे काय! झटके वाढत गेले. दोनदा तर त्या बेशुद्धावस्थेत गेल्या. मधू दंडवते त्याच तुरुंगात होते. रात्रीच्या शांततेत स्नेहलतांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्याच काळात प्रमिलाताई दंडवते येरवड्याला कैदेत होत्या.

अशाही अवस्थेत या बाई गप्प बसल्या नाहीत. महिला कैद्यांना होणारी मारहाण, निकृष्ट जेवण याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला, उपोषण केलं. आजूबाजूच्या बायकांना गाणी शिकवली. रोजनिशी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली.

बडोदा प्रकरणाचं आरोपपत्र अखेर दाखल झालं. त्यात जॉर्ज आणि इतर २४ जणांची नावं होती. स्नेहलतांचं नाव त्यात नव्हतंच! मग सोडायला हवं होतं ना? पण आरोपपत्राचा आणि मिसाचा संबंधच नव्हता. त्या आतच राहिल्या.

प्रकृती पार ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ला त्यांना पॅरोलवर घरी पाठवलं. १८ जानेवारीला निवडणुका जाहीर झाल्या. २० जानेवारीला स्नेहलता गेल्या. देशाचे दरवाजे उघडायला लागले, आणि त्यांचा श्वास संपला. त्याच महिन्यात न्यायमूर्ती खन्नांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश नेमण्यात आलं. खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे जनता सरकारने मिसा रद्द केला, बडोद्याचा खटलाही मागे घेतला. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असं ठरलं. त्या १९७६च्या निकालात बहुमताच्या बाजूला न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चूक ठरवला, तेव्हा तसं लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. चूक दुरुस्त झाली, पण ४१ वर्षांनी.

हे सगळं झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी स्नेहलता मला जुन्या वाटत नाहीत. मंडळाच्या कामात कच्च्या कैद्यांच्या बायका भेटतात. नवरा दोषी की निर्दोष, हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्यांना फक्त पुढची तारीख ठाऊक असते. मिसा गेला, नंतर टाडा आला आणि गेला, पोटा आला आणि गेला. १९६७चा यूएपीए आहे. २००८मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, तो अधिक कडक झाला. आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, आणि आरोप वरकरणी खरा वाटला तरी जामीन नाकारावा लागतो.

कोणी म्हणेल, बॉम्ब फुटतात त्याचं काय? १९९३, २००६, २००८ मुंबईने सोसलं आहे. लोकलने जाणारं माणूस घरी येईपर्यंत जिवाला घोर काय असतो, ते बायकांना कोणी शिकवायला नको. कायदा कडक असावा, हे मलाही पटतं. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालतोच, तारखेला हजर राहावंच लागतं. आणि खटलाच वर्षानुवर्षं उभा राहत नसेल, तर कोठडी हीच शिक्षा होऊन बसते. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नजीब प्रकरणात सांगितलं, की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर यूएपीएखालीही जामीन देता येतो. त्याच वर्षी ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जामिनाची वाट बघत मुंबईच्या इस्पितळात वारले. त्यांच्यावरचा आरोप खरा की खोटा, ते कोर्टात ठरलंच नाही.

मला सलतं ते हेच. दोषी ठरला तर घरचे शरमेने का होईना, पण पुढे जगायला लागतात. निर्दोष सुटला तर पेढे वाटतात. स्नेहलतांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत, ओळखीत अशी कुणी तारखा मोजत बसलेली असेल, तर तिच्याकडे तोंड फिरवू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बायकांना आणि कोठडीतल्या माणसांना तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्याने दिला आहे. पुष्कळजणींना हे माहीतच नसतं. तिच्याबरोबर तिथपर्यंत जा. तिचा माणूस दोषी आहे की नाही ते कोर्ट ठरवील, पण ते लवकर ठरावं यासाठी एक वकील तरी उभा राहील.