कानाचा अभ्यासक, हृदयातले नाव

विमान उतरू लागले की कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास बाहेर ढकलण्याचा जोर केला की कान मोकळे होतात. ही युक्ती ‘वालसाल्वा’ या नावाने ओळखली जाते. मात्र आज हे नाव कानाच्या डॉक्टरांपेक्षा हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडी अधिक असते.

अंतोनियो मारिया वालसाल्वा यांचा जन्म १६६६ मध्ये इटलीतील इमोला येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी बोलोन्या विद्यापीठात घेतले. तेथे त्यांचे गुरू होते मार्चेल्लो माल्पिगी. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहणारे हेच ते शास्त्रज्ञ. १६८७ मध्ये पदवी मिळाल्यावर वालसाल्वा बोलोन्यातच रुग्णसेवा, शस्त्रक्रिया आणि शवविच्छेदन यांत रमले. मनोरुग्णांना माणुसकीने वागवावे, असा आग्रह त्यांनी त्या काळात धरला होता.

कान हा त्यांचा खास विषय. सुमारे १६ वर्षांच्या अभ्यासानंतर, १७०४ मध्ये, मानवी कानावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाह्य, मध्य आणि अंतर्कर्ण ही आज शाळेत शिकवली जाणारी विभागणी त्यांचीच. मधल्या कानात साठलेला पू बाहेर पडावा म्हणून रुग्णाने नाक-तोंड बंद करून जोर लावावा, असे त्यांनी सुचवले. या जोराचा हृदयावर काय परिणाम होतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. १७२३ मध्ये बोलोन्यात त्यांचे निधन झाले.

तो परिणाम पुढच्या पिढ्यांनी मोजला. श्वास रोखून जोर लावला की पोटाचे स्नायू आवळतात आणि पोट व छाती या दोन्ही पोकळ्यांतील दाब वाढतो. पहिल्या क्षणी छातीतील महाधमनी दाबली जाते आणि रक्तदाब किंचित चढतो. पण हृदयाकडे परतणाऱ्या नीलांच्या भिंती पातळ असतात. वाढलेल्या दाबामुळे त्यांतून छातीत येणारे रक्त अडते. हृदयात येणारे रक्त घटले की हृदयातून बाहेर पडणारे रक्तही घटते आणि रक्तदाब घसरतो. शरीर लगेच सावरू पाहते: नाडी वाढते, रोहिण्या आकसतात. जोर सोडताच अडलेले रक्त हृदयाकडे धाव घेते. आकसलेल्या रोहिण्यांत ते जोराने ढकलले गेल्याने रक्तदाब उसळतो आणि नाडी मंदावते. हे सारे अर्ध्या-एक मिनिटात घडते.

नाडी मंदावण्याच्या या गुणाचा डॉक्टर उपयोग करतात. हृदयाच्या वरच्या भागातून उद्भवणाऱ्या, अचानक सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या अतिजलद ठोक्यांत रुग्णाला इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोराने फुंकायला लावतात. त्यानंतर लगेच आडवे करून पाय वर उचलले, तर अधिक गुण येतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत या सुधारित पद्धतीने १०० पैकी ४३ रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले. नेहमीच्या पद्धतीने १७ जणांचे.

हीच क्रिया अनेक घरांत रोज सकाळी नकळत घडते. बद्धकोष्ठ असलेला माणूस कुंथतो, तेव्हा तो वालसाल्वाची युक्तीच करत असतो. निरोगी हृदय हे चढउतार सहज पेलते. पण हृदय कमजोर असेल, महाधमनीची झडप अरुंद झाली असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर हा ताण महागात पडू शकतो. वयस्कर माणसांना शौचालयात भोवळ येण्यामागेही अनेकदा हेच कारण असते. म्हणून हृदयरुग्णाने बद्धकोष्ठाची तक्रार संकोच न करता डॉक्टरांना सांगावी. आहारात भाज्या, फळे, कोंड्यासकट धान्य असावे. पाणी किती प्यावे, हे मात्र हृदयरुग्णाने डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जड वस्तू उचलताना श्वास रोखू नये, तो सोडत राहावा.

वालसाल्वा यांनी हृदयही बारकाईने पाहिले होते. महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या तीन पाकळ्यांमागे तीन फुगवटे असतात. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य रोहिण्या त्यांतूनच निघतात. या फुगवट्यांविषयीचे त्यांचे लेखन त्यांचे शिष्य मोर्गान्यी यांनी १७४० मध्ये, गुरूच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी, प्रकाशात आणले. वैद्यकात ते आजही ‘वालसाल्वाचे फुगवटे’ म्हणूनच ओळखले जातात.