समजून घ्या : सरकारने कर्मवीरांचे अनुदान रोखले तेव्हा काय झाले?

यवतमाळ : शिक्षकांची पदे संचमान्यतेवर ठरतात, भरती पवित्र पोर्टलवरून होते, पगार शालार्थ प्रणालीतून निघतो. मग अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हाती उरते काय? सरकारी पैसा घेऊन शाळा आपल्या मताने चालवता येते का? हाच प्रश्न एकेकाळी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यासमोर उभा राहिला होता.

कर्मवीर कोण होते?

जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज (जि. कोल्हापूर). त्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरताना शेतकऱ्यांची मुले शाळेबाहेर असल्याचे त्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

पैसा कुठून आला?

१९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. गावांतून धान्य आणि वर्गणी येई. मुले 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने श्रम करीत. शाळा वाढल्या तशी सरकारी अनुदानाची गरजही वाढली.

१९४८ मध्ये काय घडले?

गांधीहत्येनंतरच्या तणावाच्या काळात भाऊरावांनी भाषणांतून सरकारवर टीका केली. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. खेड्यांतल्या शाळा आणि शिक्षकांचे पगार अडचणीत आले. लोक मदतीला धावले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा खेरांना भेटले. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. कराडच्या महाविद्यालयाला भाऊरावांनी १९५४ मध्ये गाडगेबाबांचे नाव दिले.

आज याचा अर्थ काय?

भाऊरावांनी अनुदान नाकारले नाही. पण त्यांची शाळा केवळ अनुदानावर उभी नव्हती. मागे गाव होते, म्हणून त्यांना सरकारपुढे ताठ उभे राहता आले. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज गावाचा आवाज म्हणून शाळा व्यवस्थापन समिती आहे. मात्र शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार अनुदानित शाळांत तिचे काम सल्ल्यापुरते आहे. मुख्याध्यापकाला अधिकार द्यायचे, तर त्याच्यामागे उभे राहणाऱ्या गावालाही काही अधिकार द्यावे लागतील.