वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया

आमच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं तरुण मुलामुलींच्या हातीं काय द्यावें, याचा विचार करितांना आम्हांस संत गोन्सालो गार्सिया यांचें स्मरण झालें. परमेश्वर मला बोलावीत असेल, तर माझ्यापुढें दार बंद कां, असा प्रश्न ज्यांच्या मनांत उठतो, त्यांनीं या चरित्राचें अवश्य मनन करावें.

गोन्सालो यांचा जन्म सन १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वडील पोर्तुगीज व आई वसईकडील होती. येशूसंघीय धर्मगुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्यासमवेत जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं लवकरच आत्मसात केली व धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षें निष्ठेनें सेवा केली. येशूसंघांत व्रतस्थ व्हावें, ही त्यांची मोठी तळमळ होती. परंतु ती सफल झाली नाहीं.

निराश होऊन त्यांनीं व्यापार धरिला. व्यापारांत यश आलें, पण जिवास स्वस्थता लाभेना. शुभवर्तमानांतील धनवान तरुण आपल्या संपत्तीपायीं खिन्न होऊन प्रभूपासून निघून गेला. गोन्सालो मात्र संपत्ती सोडून प्रभूकडे परत आले. मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांचा बंधू म्हणून स्वीकार केला.

पुढें फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून पाठविलें. त्यांस दुभाषा हवा होता. पोरवयांत शिकलेली भाषा आतां कामीं आली, आणि सन १५९३ मध्यें बंधू गोन्सालो पुनः जपानांत उतरले. वाया गेलीं असें वाटणारीं वर्षें देवाच्या हिशेबीं वाया गेलीं नव्हतीं. क्योटो येथें या संघबंधूंनीं देऊळ बांधिलें व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली.

सन १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीचा कोप झाला व ते सर्व पकडले गेले. जानेवारींत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, ऐन थंडींत त्यांस दूर नागासाकीस नेण्यांत आलें. तेथील टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं भोसकिलें. त्यांत अवघ्या बारा वर्षांचा लुईस इबाराकी हाही होता. सन १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं या सर्वांस संतपद दिलें, आणि भारतांत जन्मलेला पहिला संत म्हणून वसईच्या पुत्राचा गौरव झाला.

तरुण मित्रांनो, एक दार लागलें म्हणून देवाचें पाचारण संपत नाहीं, आणि त्याची प्रीति तर मुळींच आटत नाहीं. कोणी धर्मगुरू होईल, कोणी धर्मभगिनी, कोणी शेतावर वा संसारांत राहील. आज जें काम हातीं आहे, तें मनापासून करावें. त्याचा उपयोग कोठें होईल, हें देव जाणतो. आईबापांनींही मुलांच्या मनांतील ही हांक ऐकूं येईल इतकी शांतता घरांत राखावी. संत गोन्सालो यांनीं आमच्या तरुणांसाठीं देवाजवळ विनंती करावी, अशी आमची प्रार्थना आहे.