आनंदीबाई जोशी : परक्या धक्क्यावरील पहिला दिवस

दरवर्षी जून महिना उजाडला, की आमच्या शाळेतून उत्तीर्ण झालेल्या काही मुली पुढील शिक्षणासाठी लातुरास वा नांदेडास जावयास निघतात. चाकूरच्या स्टँडावर आई पदराने डोळे टिपते, वडील पेटीचे कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहतात. आणि लातूर म्हणाल तर येथून जेमतेम दहा-बारा कोस! हा देखावा पाहिला म्हणजे आम्हांस हटकून दुसऱ्या एका जून महिन्याची आठवण होते. सन १८८३ च्या जूनच्या ४ तारखेस अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय स्त्री न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. तिच्या सोबत ना पती होता, ना माहेरचे कोणी, ना सासरचे. त्या आनंदीबाई जोशी होत. त्यांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तरी त्या धक्क्यापर्यंत त्या कशा पोहोचल्या, हे थोडे सविस्तर सांगावे असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणच्या जोशांचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस असून वयाने पुष्कळच मोठे, स्वभावाने हट्टी व तापट होते. बायकोस शिकवावयाचेच, हा त्यांचा ध्यास. आणि त्या ध्यासापायी त्यांनी तीस जाचही केला, हे लपविण्यात अर्थ नाही. पुढे आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवसांतच गेला. तेव्हा आई स्वतःच पोरवयाची होती. स्त्रियांस स्त्रीवैद्य मिळत नाही आणि पुरुषवैद्यास त्या दुखणे सांगत नाहीत, हे आनंदीबाईंनी पुढे जे बोलून दाखविले, त्याच्या मुळाशी हे दहा दिवस होते.

गोपाळरावांनी अमेरिकेत शिक्षणाची काही सोय होईल काय, म्हणून वाइल्डरसाहेबांस लिहिले. हे गृहस्थ कोल्हापुरास पुष्कळ वर्षे मिशनरी होते व नंतर स्वदेशी जाऊन एक मिशनरी मासिक चालवीत होते. त्यांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला. परंतु ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर साहाय्याचा विचार होईल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. मासिकाचा तो अंक सन १८८० मध्ये न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडला, तोही दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना! त्या बाईंनी घरी जाऊन आनंदीबाईंस पत्र लिहिले. त्या पत्रात कसलीच अट नव्हती. पत्रामागून पत्रे गेली, आणि आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या.

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमध्ये श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात व्याख्यान दिले. हे कॉलेज केरीसाहेब व त्यांच्या सोबत्यांनी स्थापिलेले. ज्या केरीसाहेबांनी सन १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापून काढले, तेच हे. अशा ठिकाणी उभे राहून, आपण हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्या तरुण स्त्रीने इंग्रजीत सांगितले. आपणांस का जावेसे वाटते, एकटीनेच का जावे लागते, जातीने बहिष्कार घातला तर काय करणार, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यांनी एकामागून एक दिली. आम्ही ख्रिस्ती आहोत. परंतु त्या सभेत असतो तर आम्हीही टाळ्या वाजविल्या असत्या.

७ एप्रिल रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीने त्या निघाल्या. बोटीवर सोबत म्हणून काही मिशनरी बाया होत्या. त्यांच्याशी मात्र त्यांचे जमले नाही. धर्मांतराचा आग्रह झाला, तो मानला नाही तेव्हा अबोला झाला. खाण्याचे हाल तर होतेच; शाकाहारी माणसास त्या काळी बोटीवर बटाट्यांपलीकडे फारसे काय मिळणार? हा भाग लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते, कारण त्या बाया आमच्याच पंथातल्या. पण ज्यांनी शुभवर्तमान सांगावयाचे, त्यांनी एकट्या पडलेल्या मुलीस पाणी विचारू नये, हे आम्हांस कधीच पटलेले नाही.

कलकत्ता सोडल्यापासून अठ्ठावन्न दिवसांनी न्यूयॉर्क आले. त्या वेळी तेथील वस्ती सुमारे बारा लक्ष होती. मुंबईची आठ लक्षांच्याही आतच. आज बंदराच्या तोंडाशी जो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, तो तेव्हा उभा नव्हता. परंतु ब्रुकलिनचा झुलता पूल मात्र अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, खुला झाला होता. चौदा वर्षे त्याचे बांधकाम चालले होते. मधला गाळा सुमारे १,६०० फुटांचा, सारा तारदोरांवर तोललेला. शहरात लोखंडी खांबांवरील रुळांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीने, धूर सोडीत आगगाड्या धावत. असल्या गर्दीच्या नगरात अंगावर देशी लुगडे, कपाळी कुंकू, पायी चालताना सारे वळून पाहताहेत, आणि ओळखीचे म्हणावे असे एकही तोंड नाही! ज्यांची ओळख केवळ अक्षरांची, त्या मावशी धक्क्यावर येतील हाच काय तो भरवसा. त्या आल्या होत्या.

कार्पेंटरबाईंनी त्यांस रोझेलास आपल्या घरी नेले. येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्क केवढे, रोझेल केवढे. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनसाहेबांनी खांबांवरून तारा नेऊन त्या लहानशा गावात विजेचे दिवे लाविले होते, आणि गावच्या प्रेस्बिटेरियन मंदिरातही विजेचे झुंबर टांगले गेले होते. महानगर पाहून आलेल्या आनंदीबाईंस नवलाची रोषणाई भेटली ती खेड्यात. त्या उन्हाळाभर त्या तेथेच राहिल्या, आपल्या हातचा स्वयंपाक त्या कुटुंबास करून घातला, मुलांत मूल होऊन राहिल्या. त्या घरात त्यांच्या कुंकवास कोणी हात लाविला नाही.

पुढचे बहुतेकांस ठाऊक आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. थंडी, धुराने कोंदणारी खोली आणि अपुरे अन्न यांनी प्रकृती ढासळली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी अडीच वर्षांपूर्वीच बाप्तिस्मा घेतला होता, आणि आनंदीबाई हिंदूच होत्या. दोघींच्या प्रेमात त्याने अंतर पडले नाही. पुढे सन १८९२ मध्ये त्याच कॉलेजातून गुरुबाई करमरकर ही आपल्या ख्रिस्ती समाजातील कन्या डॉक्टर होऊन आली व मुंबईस रुग्णसेवेत राहिली. वाट मळलेली होती, ती कोणी मळली हे मुलींनी ध्यानात ठेवावे.

आनंदीबाईंस कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा मिळाली होती. पण क्षयाने त्यांस तेथवर जाऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास त्यांचा अंत झाला. गोपाळरावांनी त्यांची रक्षा समुद्रापलीकडे कार्पेंटरबाईंकडे पाठविली. त्या मावशीने ती न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे.